पाहुण्याची तहान आणि यजमानाची घागर

आपल्या शास्त्रांनी विहीर, तलाव व पाणपोई यांस पूर्तकर्म म्हटले आहे. तहानलेल्यास त्याचे गाव वा नाव न विचारता पाणी द्यावे, हा त्यातील दंडक. (तो आपल्या समाजाने नेहमीच पाळला असे नव्हे, १९२७ सालचा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यास साक्ष आहे.) परंतु पाणपोईवरील वाटसरू ओंजळभर पिऊन मार्गस्थ होतो. हजारो निराश्रित गावाशेजारी येऊन वर्षानुवर्षे राहिले आणि यजमानाचीच घागर अर्धी भरू लागली, तर धर्म कोणता?

हा प्रश्न आपल्या मुलखास परका नाही. निपाणीपलीकडे, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांच्यामागून तेथेच सिंधी बांधव आले; आजचे गांधीनगर ते हेच. सुदैवाने जवळ पंचगंगा होती. जॉर्डन देशात सीरियाच्या निर्वासितांसाठी २०१२ साली झातारी येथे छावणी उभी राहिली, तेथे अशी नदी नाही. तो देशच पाण्याला महाग. आसपासच्या मफ्रक भागातील रहिवासी कुरकुरू लागले, यात नवल नव्हते. ती कुरकूर आम्हांस पाप वाटत नाही. छावणीत टँकर शिरतो आणि कुंपणाबाहेरची बाई रिकामी कळशी घेऊन पाहत राहते, तेव्हां तिला औदार्याचा उपदेश करणे निष्ठुरपणाचे होय. उन्हाळ्यात नळाची वाट पाहणाऱ्या शहापूरकरांना हे अधिक सांगणे नको.

मात्र यजमानानेही आपला हिशेब पाहावा. जॉर्डनच्या नळयोजनांतील जवळजवळ निम्मे पाणी गळतीत, चोरीत आणि हिशेबाबाहेर जाते, आणि हे दुखणे निर्वासितांच्या आधीचे आहे. त्याचा दोष पाहुण्याच्या माथी मारणे अन्यायाचे. छावणीसाठी आलेल्या पैशातून गावाच्याही फुटक्या नळ्या बदलाव्यात आणि पाणी कुंपणाच्या दोन्ही अंगांस न्यावे, असे आमचे मत आहे. टँकरवर खर्चलेला पैसा दुसऱ्या दिवशी उरत नाही.

डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. जमणाऱ्या मंडळींच्या पाण्यासाठी टिळकवाडीत विहीर खोदण्यात आली. ते निर्वासित नव्हेत, थोड्या दिवसांचे पाहुणे. तरी त्यांच्या निमित्ताने काम टिकाऊ झाले. तंबू उठले, मंडळी परतली, आणि ती विहीर 'काँग्रेस विहीर' या नावाने बेळगावकरांकडे राहिली.