विखुरलेला शाहनामा

हस्तलिखिताच्या मालकीचा इतिहास लिहिताना ते कोणाकडून कोणाकडे गेले याची जंत्री देण्याचा प्रघात आहे; परंतु प्रत्येक धन्याने त्या ग्रंथाच्या देहात काय घातले आणि त्यातून काय काढून घेतले, हा प्रश्न त्या जंत्रीहून मोलाचा आहे. इराणचा सफवी बादशहा शाह तहमास्प (राज्यकाल 1524 ते 1576) याच्यासाठी तब्रीझ येथे तयार झालेल्या शाहनाम्याकडे या दृष्टीने पाहिले, तर एक अस्वस्थ करणारी गोष्ट समोर येते. राज्ये आणि धर्मपंथ ओलांडून शतकानुशतके सुखरूप राहिलेल्या या ग्रंथाचा घात लुटीत किंवा आगीत झाला नाही. तो विसाव्या शतकात, ज्याच्या मालकीला कायद्याची हरकत नव्हती अशा ग्रंथप्रेमी संग्राहकाच्या हातून झाला.

फिर्दौसीने 1010 च्या सुमारास पूर्ण केलेल्या आणि सुमारे पन्नास हजार बैतांच्या (दोन चरणांच्या कडव्याला फारसीत बैत म्हणतात) या महाकाव्याची ही प्रत 759 पानांची होती आणि तीत 258 चित्रे होती. पान म्हणजे येथे पुढची व मागची बाजू मिळून एक पत्र. त्याची उंची सुमारे 47 सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे 32 सेंटिमीटर. घोटून गुळगुळीत केलेल्या कागदावर, तिरक्या उतरत्या वळणाच्या नस्तालिक लिपीत, चार स्तंभांत काव्य उतरवलेले असून भोवतीच्या रुंद समासांवर सोन्याचे कण शिंपडलेले आहेत. चित्रासाठी स्वतंत्र पान सोडलेले नाही. मजकुराच्या चौकटीतच चित्र उमलते, त्याच्या वर किंवा खाली प्रसंगाशी नेमके जुळणारे बैत लहान पट्ट्यांत बसवलेले असतात आणि पान उलटले की त्याच प्रसंगाची कथा मागच्या बाजूवर पुढे चालू लागते. एका चित्रात हिजरी 934, म्हणजे 1527-28, हे वर्ष आढळते. सुलतान मुहम्मद, मीर मुसव्विर, आका मीरक यांच्यासारख्या उस्तादांनी आणि त्यांच्या पुढच्या पिढीने बादशाही किताबखान्यात, म्हणजे ग्रंथनिर्मितीच्या कारखान्यात, वर्षानुवर्षे हे काम चालवले. मीर मुसव्विरचा मुलगा मीर सय्यद अली पुढे हुमायूनच्या पदरी आला आणि मुघल चित्रशैलीच्या पायाभरणीत सहभागी झाला, म्हणून भारतीय वाचकालाही हा ग्रंथ अगदी परका नाही.

सुलतान मुहम्मदचे ‘गयूमर्सचा दरबार’ हे विसाव्या पानावरील चित्र या साऱ्या कलेचे शिखर मानावे लागेल. जगाचा पहिला राजा डोंगरमाथ्यावर बसला आहे, खाली चित्त्याची कातडी पांघरलेले प्रजाजन कडे करून उभे आहेत, आणि नजर स्थिरावू लागली की जांभळ्या, निळ्या, गुलाबी खडकांच्या वळ्यांतून माणसांचे व प्राण्यांचे चेहरे डोकावू लागतात. राजाची मुद्रा खिन्न आहे, कारण मुलगा सियामक याला काळा देव, म्हणजे राक्षस, ठार करणार हे भाकीत त्याला कळले आहे. त्याचा नातू होशंगही येथे दिसतो. दोन पानांनंतर, बाविसाव्या पानावर, तोच होशंग राजा होऊन अग्नीचा शोध लागल्याचा सदेहचा उत्सव साजरा करतो. आज आजोबा टोरांटोच्या आगा खान संग्रहालयात आहेत आणि राजा झालेला नातू न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. शोकातून उत्सवाकडे जाणारी जी वाट वाचकाने दोन पाने उलटून चालायची, ती आता दोन देशांत वाटली गेली आहे.

ग्रंथाची पहिली मालकीबदली मात्र सन्मानाची होती. 1568 मध्ये तहमास्पच्या वकिलातीने तो एदिर्ने येथे उस्मानी सुलतान दुसरा सलीम याला नजर केला. यातली गुंतागुंत लक्षात घेण्याजोगी आहे. देणारा शिया, घेणारा सुन्नी. काव्यात इराणचे वैरी तूरानी, ज्यांची तुर्कांशी सांगड त्या काळी घातली जात होती. आणि पानांमध्ये पैगंबर, हजरत अली, हसन व हुसेन यांना एका नौकेत दाखवणारे शियापंथीय श्रद्धेचे चित्रही होते. तरीही सुलतानाच्या ग्रंथालयाने त्यातले एक पानही फाडले नाही. उलट 1800 च्या सुमारास तिसऱ्या सलीमच्या काळात मेहमेद आरिफ एफेंदी या अधिकाऱ्याने चित्रांवरच्या संरक्षक कागदांवर प्रत्येक प्रसंगाचा तुर्की सारांश लिहिला. परक्या भाषेतला, परक्या पंथाचा ग्रंथ आपल्या माणसांना समजावा म्हणून इतके कष्ट घेणारा हा धनी खरा वारसदार होता.

बाबर, हुमायून, जहांगीर, शाहजहान आणि औरंगजेब यांच्या मोहरा अंगावर वागवणारा, हेरातचा राजपुत्र मुहम्मद जूकी याचा शाहनामाही असाच हातोहात फिरून लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत पोहोचला. हात बदलणे हे हस्तलिखिताचे प्राक्तनच असते आणि त्याने ग्रंथ श्रीमंत होतो.

तहमास्पचा ग्रंथ 1903 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात एदमॉन द रोथशिल्ड यांच्या संग्रहातला म्हणून दिसतो, आणि 1959 मध्ये अमेरिकी संग्राहक आर्थर हॉटन यांनी तो विकत घेतला. त्यांच्या काळात शिवण उसवली. 1970 मध्ये 78 चित्रे मेट्रोपॉलिटनला देणगी म्हणून गेली, 1976 मध्ये सात पाने लंडनच्या लिलावात निघाली आणि पुढे विक्री चालूच राहिली. हॉटन यांच्या मृत्यूनंतर, 1994 मध्ये, उरलेली 118 चित्रे, मजकुराची पाने आणि बांधणी इराणकडे परत गेली, पण त्यासाठी इराणला विलेम डी कूनिंग यांचे ‘वुमन 3’ हे चित्र द्यावे लागले. हा विनिमय व्हिएन्नाच्या विमानतळावर झाला. न्यूयॉर्कची 78 आणि तेहरानची 118 वजा जाता 62 चित्रे इतरत्र पांगली.

यावर एक गंभीर युक्तिवाद केला जातो. राजवाड्यात बंद असलेला ग्रंथ मूठभर लोकांनी पाहिला, सुटी पाने मात्र जगभरच्या लाखो लोकांनी पाहिली. मग विखुरण्याने कलेचा प्रसारच झाला नाही काय? हा युक्तिवाद सहज झटकून टाकता येत नाही. पण लोकांनी जे पाहिले ते चित्र होते, ग्रंथ नव्हता. भिंतीवर लावलेल्या पानाची मागची बाजू झाकली जाते, बैत नक्षी होऊन बसतात आणि महाकाव्याच्या प्रवाहातला एक क्षण स्वयंपूर्ण कलावस्तू म्हणून विकाऊ होतो. 2022 मध्ये यातले एक पान लंडनमध्ये ऐंशी लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले, आणि एकेका पानाला असा भाव मिळत असेल, तर अखंड चित्रित हस्तलिखित बाळगणाऱ्या कोणत्याही मालकाच्या मनात कात्रीचा विचार येणारच. प्रसारासाठी ग्रंथ उसवण्याची गरजही नव्हती. सर्व 258 चित्रांची छापील प्रतिकृती पुढे निघालीच, आणि ती अखंड ग्रंथावरूनही काढता आली असती.

म्हणून अशा पानाच्या शेजारच्या फलकावर देणगीदाराच्या नावाआधी ते मूळ ग्रंथातले कितवे पान, त्याच्या आधीचे व नंतरचे पान आज कोठे आहे, आणि मागच्या बाजूवर कोणता मजकूर आहे, एवढे छापण्याची सक्ती संग्रहालयांनी स्वतःवर घालून घ्यावी, आणि लिलावगृहांनी एखाद्या हस्तलिखितातून नव्याने काढलेले पान विक्रीला घेण्यास नकार द्यावा.