उठायचं कशासाठी?

१ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला एसटीची पहिली गाडी सुटली. गाडी बेडफर्ड बनावटीची, तीस जणांची. तिच्या चालकाचं आणि वाहकाचं नाव एसटीच्या इतिहासात नोंदलेलं आहे आणि दरवर्षी वर्धापनदिनाला वर्तमानपत्रं ते छापतात. गाडी एक, रस्ता एक, धूळही एकच. पण चालकाचं काम म्हणजे मुक्कामाला पोचेपर्यंत बसून राहणं, आणि वाहकाचं काम म्हणजे तिकिटं फाडत, चिमटा वाजवत माणसांच्या गर्दीतून पुढे-मागे करणं.

साधारण त्याच सुमारास लंडनमध्ये जेरी मॉरिस हे डॉक्टर नेमका हाच फरक तपासत होते. तिथल्या बस दुमजली. वाहक दिवसभरात शेकडो पायऱ्या चढायचा-उतरायचा, चालक बसलेला. १९५३ साली निष्कर्ष छापून आले: वाहकांना हृदयविकार कमी होतो, आणि झालाच तर उशिरा आणि सौम्य होतो. बैठं काम हृदयाला बाधतं, ही गोष्ट आकड्यांनिशी सांगणारा हा पहिला मोठा अभ्यास. मला मात्र मॉरिस यांचं पुढचं काम जास्त आवडतं. तीन वर्षांनी त्यांनी बस कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापं काढली. चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर मोठा निघाला, आणि तरुण चालकांचासुद्धा! म्हणजे बसून बसून चालक सुटले, की मुळातच जरा भारी असलेली माणसं चालक व्हायला गेली? स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षाला असा प्रश्न विचारणारे संशोधक थोडे.

पुढे हाच प्रश्न घर आणि परिसराबाबत उभा राहिला. ज्या वस्तीत दुकानं, शाळा, थांबे पायी जाण्याजोगे जवळ आहेत, तिथली माणसं कमी बसतात का? ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमध्ये २००७ साली दिसलं की अशा वस्त्यांतल्या बायका टीव्हीसमोर कमी वेळ असतात. पुरुषांत तसा फरक दिसला नाही. बेल्जियममधल्या घेंटने तर कोडंच घातलं. तिथे पायी फिरण्याजोग्या वस्त्यांतली माणसं उलट जास्त बसणारी निघाली. शहराच्या मध्यात टेबलाशी काम करणाऱ्यांचा भरणा अधिक, हे त्याचं एक कारण असावं. पण मॉरिस यांची विजार इथेही आडवी येतेच: वस्ती माणसाला चालायला लावते, की चालणारा माणूस तशी वस्ती शोधून राहायला जातो?

नगरपुरतं बोलायचं तर या दुसऱ्या शक्यतेचा मला फार धाक वाटत नाही. सावेडीत किंवा केडगावात प्लॉट बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, एनए आहे का? मग विचारतो, पाणी किती दिवसाआड येतं? मुळा धरणाचं पाणी आपल्या नळापर्यंत कसं आणि कधी पोचतं, यावर इथे आयुष्यं बेतलेली आहेत. फुटपाथ आहे का, असं विचारणारं गिऱ्हाईक अजून कोणा दलालाला भेटलं असेल असं वाटत नाही. चालायची आवड म्हणून इथे कोणी वस्ती निवडत नाही. वस्ती पदरात पडते आणि मग ती आपल्याला तिच्या सवयी लावते.

जुनं नगर बघा. माळीवाड्यात विशाल गणपती, जवळच बसस्थानक, थोडं चालून गेलं की कापड बाजार, चितळे रोडवर भाजी. नालेगाव किंवा दिल्लीगेटच्या गल्लीत राहणाऱ्याला कोथिंबिरीसाठी गाडी काढणं परवडत नाही, कारण गाडी काढून लावण्यापेक्षा चालत जाऊन येणं लवकर होतं. गर्दी, अरुंद बोळ, उघडी गटारं यांना मी उगाच सुंदर म्हणणार नाही. पण त्या रचनेत दिवसातून दहा वेळा उठायचं कारण आपोआप निघतं. शिवाय घराला ओटा असतो. ओट्यावर बसलेला माणूस सारखा उठत असतो: कोणाला वाट द्यायला, पोराला ओढून आणायला, समोरच्या काकूंची पिशवी वर चढवायला. पाइपलाइन रोडच्या बाजूचे बंगले, त्यापुढच्या सोसायट्या प्रशस्त आहेत, हवेशीर आहेत. तिथे बसायची जागा घरात गेली. सोफा आला, समोर टीव्ही आला, आणि दूध, किराणा, औषधं फोनवरून दाराशी यायला लागली. उठायचं एकेक कारण आपण पैसे देऊन काढून टाकलं आणि त्याला सोय म्हटलं.

मग ते कारण परत विकत घ्यावं लागतं. सकाळी फिरायला जायचं म्हणून दुचाकीला किक मारून मैदानापर्यंत जाणारी मंडळी नगरमध्ये रोज दिसतात. हसण्यासारखं आहे, पण त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. मधल्या रस्त्यावर ट्रक आहेत, भटकी कुत्री आहेत, आणि मोटारी लावून अडवलेली कड आहे. २०२२ साली शहरात उड्डाणपूल झाला, वाहनं वरून सुटली. खाली चालणाऱ्याने मात्र स्वतःची वाट स्वतःच काढायची. भिंगारला छावणीच्या हद्दीत शिरा आणि तेच शहर वेगळं वागायला लागतं. रुंद रस्ते, जुनी झाडं, सावली. आमच्यासारख्या कोरड्या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत पाय बाहेर ठेवणं हीच शिक्षा असते. अशा गावात फरशीच्या फुटपाथाआधी सावली लागते. हे विलायती मोजपट्ट्यांत क्वचित येतं.

आता थोडं बसण्याच्या बाजूनेही बोलायला हवं. टांझानियातल्या हाड्झा या शिकारी लोकांच्या अंगाला मोजयंत्रं लावून २०२० साली एक अभ्यास झाला. ते लोक दिवसाचे नऊ-दहा तास न हलता काढतात, म्हणजे जवळपास आपल्याइतकेच. पण ते उकिडवे बसतात, गुडघ्यावर बसतात, आणि त्या बसण्यात पायांचे स्नायू कामाला लागलेले असतात. खुर्चीत ते स्नायू झोपी जातात. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आणि बसणं कमी करा असंही सांगितलं. किती तासांपर्यंत बसावं याचा आकडा मात्र दिला नाही, कारण तेवढा पुरावा नव्हता. दहा लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून २०१६ साली असं दिसलं होतं की रोज तासभर-सव्वा तास बऱ्यापैकी हालचाल केली तर आठ तास बसण्याचा वाढीव धोका जवळजवळ पुसला जातो. म्हणून पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना कोणी आळशी म्हटलं की मला राग येतो. ते घरातून चालत आलेले असतात, चालत परत जाणार असतात. तक्रार करायचीच तर वेगळी आहे: पार आणि कट्टा पुरुषांचे. बाईला नुसतं बसायला बाहेर जागा नाही, आणि नुसतं फिरायलाही कारण दाखवावं लागतं. अ‍ॅडलेडमध्ये परिसराचा फरक बायकांतच का दिसला, याचा विचार करताना मला हेच आठवतं.

आणि नगरमधल्या बसण्याचा सगळ्यात जड हिशेब तर या कुठल्याच अभ्यासात नाही. इथे नि संगमनेरला विडीचा धंदा जुना आहे. नगरच्या पद्मशाली घरांतल्या कितीतरी बायकांनी आयुष्य सूप मांडीवर घेऊन काढलं. पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, मान खाली. त्या जुन्या गावातच राहतात. बाजार पायाशी, देऊळ पायाशी, ओटाही आहे. कागदावर ही वस्ती चालण्याजोगी ठरेल आणि तरी त्यांचं बसणं सुटत नाही. विड्यांची मजुरी हजारामागे मिळते, तेव्हा प्रत्येक उठणं पैशांत मोजलं जातं. पाणी भरायला उठल्या की इतक्या विड्या गेल्या, पोराला शाळेत सोडलं की इतक्या. कारखान्यात विड्या जमा करायला जायचं तेवढंच काय ते हक्काचं चालणं. इथे झाडं लावून, फुटपाथ बांधून, बागेत व्यायामाची यंत्रं बसवून फारसं काही होणार नाही. हजारामागचा दर वाढला, तर कदाचित तासभर आधी सूप खाली ठेवता येईल.