क्षणांची संख्या आणि क्षणाचे सत्त्व

बौद्ध आचार्य वसुबंधूने अभिधर्मकोशाच्या भाष्यात कालमापनाचे जे कोष्टक दिले आहे, त्यात १२० क्षणांचा एक तत्क्षण, ६० तत्क्षणांचा एक लव, ३० लवांचा एक मुहूर्त आणि ३० मुहूर्तांचे एक अहोरात्र होते. हा गुणाकार कोणी चिकाटीने करून पाहिला, तर अहोरात्रात ६४,८०,००० क्षण भरतात, आणि आजच्या मापाने एका सेकंदाच्या वाट्याला बरोबर ७५ क्षण येतात. काचेच्या नळीचे मॉनिटर प्रचारात होते, त्या काळी पडद्याची लुकलुक डोळ्यांना जाचू नये म्हणून जे रिफ्रेश रेट सुचविले जात, त्यांत ७५ हर्ट्झ हा एक होता. या योगायोगावरून प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे हे भाबडेपणाचे लक्षण होईल. परंतु क्षणोक्षणी नष्ट होऊन क्षणोक्षणी पुन्हा उपजणारी वस्तू आपल्याला अखंड का भासते, आणि ही अखंडता वस्तूच्या ठिकाणी वसते की पाहणाऱ्याच्या, हा जो प्रश्न त्या कोष्टकाच्या मुळाशी होता, तो संगणकाच्या पडद्यासमोर बसलेल्या आजच्या मनुष्यालाही चुकलेला नाही, एवढे निःसंशय म्हणता येते.

या पडद्याच्या कारभारात दोन खाती परस्परांपासून सर्वस्वी भिन्न आहेत. नवे चित्र गणिताने सिद्ध करणे हे ग्राफिक्स कार्डाचे काम. सिद्ध झालेले चित्र ठराविक मुदतीने पडद्यावर उमटविणे हे मॉनिटरचे. पहिल्याच्या वेगाला फ्रेम रेट आणि दुसऱ्याच्या वेगाला रिफ्रेश रेट म्हणतात. मॉनिटर सेकंदाला १४४ वेळा चित्र उमटविण्यास समर्थ असला आणि जुने कार्ड ५० चित्रांच्या पलीकडे जाऊ शकत नसले, तरी मॉनिटर स्वस्थ बसत नाही. नवे चित्र हाती येईपर्यंत तो जुनेच पुनःपुन्हा उमटवीत राहतो. चित्रपटगृहात हीच युक्ती फार पूर्वीपासून रूढ होती: फितीवर सेकंदाला २४ चित्रे असत, परंतु प्रक्षेपकाचे शटर प्रत्येक चित्र दोनदा दाखवी, आणि प्रेक्षकाला ४८ प्रकाशस्पंद मिळत.

प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी नष्ट होते या बौद्धांच्या क्षणभंगवादाविरुद्ध नैयायिकांचा मुख्य आक्षेप प्रत्यभिज्ञेचा होता. काल पाहिलेला घट तोच हा, अशी निर्बाध ओळख आपल्याला पटते, त्याअर्थी घट टिकून आहे, असे ते म्हणत; आणि बौद्ध त्याला उत्तर देत, की दिव्याची ज्योत क्षणाक्षणाला निराळी असूनही तीच भासते, कापलेले केस पुन्हा वाढले तरी तेच वाटतात, सबब ओळख ही सादृश्याने झालेली फसगत असू शकते. उदयनाचार्यांनी आत्मतत्त्वविवेकात या उत्तराचा जो कठोर समाचार घेतला, तो भारतीय तर्कशास्त्राचे एक भूषण मानला जातो. तरीही पडद्यापुरते बोलावयाचे, तर साक्ष बौद्धांच्या बाजूने पडते. तेथे काहीही टिकत नाही, आणि तरी सर्व काही टिकल्यासारखे दिसते. माण्डूक्यकारिकांच्या अखेरच्या प्रकरणात गौडपादाचार्यांनी फिरत्या कोलिताच्या चक्राचा जो दृष्टान्त घेतला, त्याचाही रोख हाच, की चक्र कोलितात नसते.

मात्र हा सारा विवाद द्रष्ट्याला धरून चालला आहे. पडद्यासमोर कर्ता येऊन बसला, की विवादाचे स्वरूप पालटते. काउंटर-स्ट्राइकसारखा खेळ खेळणारा तरुण पडदा नुसता पाहत नाही. तो माऊस हलवितो, आणि आपल्या हालचालीचा परिणाम पुढच्या चित्रात उमटावा अशी त्याची अपेक्षा असते. ६० चित्रांच्या गतीत दोन चित्रांमधले अंतर सुमारे १६.७ सहस्रांश सेकंदाचे असते, १४४ च्या गतीत ते ६.९ वर येते. परंतु हे अंतर त्याच्या कृतीच्या दृष्टीने घटावयाचे, तर येणारे चित्र नवे असले पाहिजे. पुनरुक्त चित्र डोळ्याला सुख देईल. त्याच्या हाताचा लवलेशही त्यात नसेल.

बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने सत्तेची कसोटी सांगताना अर्थक्रियासामर्थ्य पुढे केले: जे काही कार्य घडवू शकते तेच परमार्थाने सत्. कठोर अर्थाने पुनरुक्त चित्रही पाहणाऱ्याच्या ठायी ज्ञान उत्पन्न करतेच, म्हणून त्याला सर्वथा असत् म्हणता येणार नाही. परंतु ज्या प्रयोजनासाठी खेळणारा बसला आहे, त्या प्रयोजनाच्या दृष्टीने ते वांझ आहे. नव्या कार्डांतील फ्रेम जनरेशनची तजवीज तर याहून बोधप्रद आहे. दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये यंत्र एक अनुमानित चित्र घालते. गती डोळ्याला दुणावल्यासारखी दिसते, पण मधले चित्र रचण्यासाठी पुढचे खरे चित्र क्षणभर अडवून धरावे लागते, त्यामुळे हाताला प्रतिसाद मिळण्यास उलट विलंबच होतो. द्रष्ट्याची अखंडता आणि कर्त्याची अखंडता या दोन भिन्न वस्तू आहेत, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

ज्याच्यापाशी जुनेच कार्ड आहे, त्याच्यापुढे हा प्रश्न त्यागाच्या रूपाने येतो. २०१४ साली बाजारात आलेले जीटीएक्स ७५० टीआय घ्या: ६० वॅट विजेवर चालणारे, बहुतेकदा २ जीबी स्मृतीचे. ठराविक वेतनावर संसार चालविणाऱ्या कारकुनाप्रमाणे त्याची प्राप्ती बांधलेली आहे. प्रत्येक चित्राचा थाट वाढविला की चित्रांची संख्या घटणारच. १९२० गुणिले १०८० या मापाचे चित्र २०,७३,६०० बिंदूंचे, आणि १२८० गुणिले ७२० चे ९,२१,६०० बिंदूंचे. पहिली ६० चित्रे काढण्यास सेकंदाला १२ कोटी ४४ लक्ष बिंदू लागतात, तर दुसरी १४४ काढण्यास १३ कोटी २७ लक्ष. केवळ बिंदूंच्या हिशेबाने दोन्ही खर्च जवळजवळ सारखेच. म्हणून तो रिझोल्यूशन उतरवितो, शॅडो ‘लो’वर आणतो, आणि त्या मोबदल्यात नवे क्षण विकत घेतो. उत्तमोत्तम यंत्रे ज्यांच्यापुढे आहेत असे कितीतरी व्यावसायिक खेळाडूही १२८० गुणिले ९६० वरच खेळतात, यावरून हा त्याग केवळ दारिद्र्याचा नव्हे हे उघड आहे.

दुसरी एक काटकसर निराळ्या जातीची आहे. नळीच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत प्रत्येक ओळीच्या व प्रत्येक चित्राच्या अखेरीस माघारी येई, आणि तेवढा अवकाश कोरा ठेवावा लागे. झोत गेला, सपाट पडदे आले, तरी तो ब्लँकिंगचा दस्तूर संकेतात कायम राहिला. त्या रिकाम्या भागासह १९२० गुणिले १०८० च्या एका चित्राचे माप २२०० गुणिले ११२५ धरले, तर १४४ हर्ट्झसाठी सेकंदाला ३५ कोटी ६४ लक्ष बिंदू तारेतून जावे लागतात, आणि ड्युअल-लिंक डीव्हीआय जोडणीची प्रचलित मर्यादा ३३ कोटींची. तेच माप २०५६ गुणिले १०९८ वर आणले, की ३२ कोटी ५१ लक्षांत काम भागते. येथे कशाचाच त्याग नाही, कारण जे टाकले त्याचे प्रयोजन आधीच संपले होते. तथापि या उपायाने वाढतो तो केवळ रिफ्रेश रेट. कार्डाने नवी चित्रे पुरविली नाहीत, तर मोकळ्या झालेल्या वाटेने जुनेच चित्र अधिक वेगाने येत राहील.

धार्मिक आचरणाचा विचार करताना जुन्याची पुनरावृत्ती आणि नव्याची उत्पत्ती यांतला हा भेद मला मोलाचा वाटतो. नित्यकर्माविषयी एक मीमांसकमत असे आहे, की ते केल्याने नवे फळ मिळत नाही, न केल्याने मात्र प्रत्यवाय म्हणजे दोष लागतो. या मताला शुष्क म्हणून हसण्याची आधुनिकांना सवय आहे. पण नळीच्या पडद्यावरील फॉस्फरचा प्रकाश पुनःपुन्हा झोत न पडल्यास विझून जातो, हे ज्याने जाणले, त्याला धारण करणे हेही पुनरावृत्तीचे स्वतंत्र कार्य आहे हे मान्य करावे लागेल. चूक होते ती धारणालाच प्रगती समजण्यात. लक्ष जप झाला, कोटी झाला, हा आकडा रिफ्रेश रेटचा आहे. त्यातल्या किती आवर्तनांत जपणाऱ्याच्या कालच्या वर्तनाची, त्याने केलेल्या अन्यायाची वा फेडलेल्या ऋणाची दखल शिरली, हा हिशेब निराळा, आणि तो मण्यांवर होत नाही. ज्याला केवळ दर्शनाचे सुख हवे, त्याने मखराची शोभा खुशाल वाढवावी; स्थिर देखावा न्याहाळणाऱ्याला सूक्ष्म चित्रच योग्य, हा अधिकारभेद शास्त्रांनाही मान्य आहे. परंतु उपासनेने आपले वर्तन सुधारावे अशी ज्याची इच्छा आहे, आणि ज्याचे अवधान जुन्या कार्डाप्रमाणे परिमित आहे, त्याने उपचार थोडे करावेत, आवर्तनेही बेताची ठेवावीत, आणि वाचलेली सारी शक्ती एवढ्याच गोष्टीवर खर्चावी, की दिवसा हातून जे घडले ते सायंकाळच्या प्रार्थनेत उमटावे.