युद्धकाळातील विद्या आणि विश्वास

युद्धकाळात मानववंशशास्त्रज्ञाची निष्ठा कोणाशी असावी, स्वराष्ट्राशी की ज्यांच्या विश्वासावर त्याचे ज्ञान उभे राहते त्यांच्याशी? फ्रान्झ बोआझ यांनी डिसेंबर १९१९ मध्ये ‘दि नेशन’मधील पत्रात याचे निःसंदिग्ध उत्तर दिले. संशोधनाच्या मिषाने हेरगिरी करणाऱ्या चार शास्त्रज्ञांचा, त्यांची नावे न घेता, त्यांनी निषेध केला. परंतु दहाच दिवसांत अमेरिकी मानववंशशास्त्रीय संघटनेने २० विरुद्ध १० मतांनी ठपका ठेवला तो बोआझ यांच्यावरच. तो मागे घेतला जाण्यास २००५ साल उजाडावे लागले.

बोआझ यांच्या शिष्या रूथ बेनेडिक्ट यांनी दुसऱ्या महायुद्धात सरकारी युद्धमाहिती कार्यालयासाठी जपानी संस्कृतीचा अभ्यास केला. ‘द क्रिसँथेमम अँड द स्वोर्ड’ (१९४६) हे त्याचे फलित. आपण कोणासाठी लिहीत आहोत, हे त्यांनी लपवले नाही. गुरूच्या निकषावर हे कार्य निर्दोषच ठरते. तथापि जपानला जाणे अशक्य असल्याने त्यांना अमेरिकेतील जपानी वंशीयांच्या कथनावर अवलंबून राहावे लागले. याच समाजातील सुमारे १,२०,००० माणसांना १९४२ पासून छावण्यांत डांबण्यात आले होते. ज्या समाजाच्या मौनाचाही संशय घेतला जातो, त्यातील व्यक्तीच्या बोलण्यास संमती म्हणता येईल काय?

बोआझ यांचा निकष अभ्यासकाचे असत्य उघडे पाडतो. निवेदकाची अगतिकता मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहते. शत्रूलाही माणूस म्हणून समजून घेण्यात बेनेडिक्ट यांच्या ग्रंथाचे मोठेपण आहे. ते मान्य करूनही, त्यातील निवेदकाला नकार देता आला असता काय, हा प्रश्न समीक्षेला टाळता येत नाही.