मासा मेला, संकट टळलं?

दिवाणखान्यातल्या फिश टँकमधला मासा एका सकाळी पोट वर करून तरंगताना दिसला, की अनेक घरांत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘घरावर काहीतरी येणार होतं, त्यानं ते अंगावर घेतलं.’ वास्तू आणि फेंगशुईवाल्यांनी ही समजूत आपल्याकडे चांगलीच रुजवली आहे. आठ सोनेरी मासे आणि एक काळा ठेवा, जे वाईट असेल ते काळा शोषून घेईल, असा हिशोबही सांगतात. रडणाऱ्या मुलाची समजूत घालायला हे सोयीचं आहे, यात शंका नाही. पण मोठ्यांचीही यात सोय होते, आणि ती जास्त गंभीर आहे. मरणाचं कारण पाण्यातून उचलून नशिबावर नेऊन ठेवलं जातं. मासा हुतात्मा ठरला की पाणी तपासायला कुणी जात नाही. दुकानातून नवा मासा येतो आणि त्याच पाण्यात पडतो.

त्या पाण्यात काय चाललेलं असतं? मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो. नदीत तो वाहून जातो, पसरतो. चाळीस लिटरच्या टँकमध्ये तो जाणार कुठे? खडीवर आणि फिल्टरच्या स्पंजात वाढणारे काही जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन्ही विषंच. तिसरं माशाला बरंच सोसतं आणि दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदललं की आटोक्यात राहतं. मात्र जीवाणूंची ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि आपला कारभार पी हळद अन् हो गोरी. रविवारी सकाळी टँक घरी येतो, संध्याकाळी त्यात सहा गोल्डफिश फिरत असतात. पुढच्या काही दिवसांत अमोनिया चढतो, त्याच्यामागून नायट्राइट. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, रक्त तपकिरी पडतं, आणि एअर पंपाचे बुडबुडे भरभरून येत असताना मासा पाण्याच्या वरच्या थराशी तोंड लावून गुदमरत राहतो. सगळ्यात फसवं म्हणजे हे सगळं होताना पाणी नितळ दिसू शकतं.

म्हणूनच घरातल्या टँकमध्ये मासे दुष्ट माणसांच्या हातून फारसे मरत नाहीत. ते मरतात प्रेमळ आणि टापटिपीच्या माणसांच्या हातून. गोल्डफिशला जठरच नसतं. खाल्लेलं थेट आतड्यात जातं, त्यामुळे आपल्यासारखं पोट भरल्याचं समाधान त्याच्या वागण्यात दिसतच नाही. काचेजवळ कुणी आलं की तो तोंड उघडमीट करत पुढे येतो. आजोबा चिमूटभर टाकतात, शाळेतून आलेली नात चिमूटभर टाकते, रात्री आणखी कुणाला तरी त्याची दया येते. दोन मिनिटांत जेवढं संपेल तेवढंच त्याचं जेवण. बाकीचं खडीत जाऊन कुजतं आणि पुन्हा अमोनियाच होतो. स्वच्छतेचं तर विचारूच नका. महिन्यातून एकदा टँक पूर्ण रिकामा होतो, खडी घासून धुतली जाते, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून तपकिरी पाणी थांबेपर्यंत पिळला जातो. ते तपकिरी पाणी म्हणजे निव्वळ घाण नव्हे. महिनाभर जमलेली जीवाणूंची वस्ती त्यातून मोरीत जाते, आणि उरलीसुरली नळाच्या पाण्यातलं क्लोरीन संपवतं. तोच स्पंज टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकेच पिळला असता तर काम झालं असतं. ज्या घरात पितळेची भांडी लखलखतात त्या घराला हे पटवणं सोपं नाही, हे मान्य.

यावर पहिला आक्षेप असा, की माशाला एवढं कळतं तरी का? २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि ॲसेटिक ॲसिड टोचून पाहिलं. माशांनी बराच वेळ खाणं टाळलं, काहींनी ओठ खडीवर घासले, आणि मॉर्फिन दिल्यावर असं वागणं कमी झालं. ब्रायन की यांच्यासारखे शास्त्रज्ञ हे मानत नाहीत. वेदना जाणवायला मेंदूची जी रचना लागते ती माशांत नाहीच, असं ते म्हणतात. वाद संपलेला नाही. पण तो संपेपर्यंत आपण काय करायचं? एका पारड्यात एका जिवाचं गुदमरणं असण्याची शक्यता आहे, दुसऱ्या पारड्यात आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी आणि अँटी-क्लोरीनचे चार थेंब. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं ‘प्राणी’ची व्याख्या माणूस सोडून कोणताही सजीव अशी केली आहे, मासा त्यातून वगळलेला नाही. रोम शहराने तर २००५ मध्ये गोल्डफिश गोल भांड्यात ठेवण्यावरच बंदी घातली.

दुसरा आक्षेप किनारपट्टीवरून येतो आणि तो अधिक रोखठोक आहे: ज्या घरात दुपारी बांगडा तळला जातो, त्यानं दिवाणखान्यातल्या वीस रुपयांच्या माशासाठी एवढा जीव का टाकायचा? प्रश्न ढोंग उघडं पाडणारा वाटतो, पण त्यात दोन वेगळी नाती एकत्र कालवली आहेत. बांगडा समुद्रात स्वतःचं आयुष्य जगला. त्याच्या पाण्याची जबाबदारी कधी आपल्याकडे नव्हती. टँकमधल्या माशाचं पाणी, उजेड, अन्न, सोबत, सगळं आपण ठरवलं. कुत्रा भुकेला झाला तर भुंकतो, मांजर दुसऱ्या घरी दूध पिऊन येतं. माशाला आपल्या हातांपलीकडे कुणी नाही. गोल्डफिश नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. वीस रुपये ही त्याची बाजारातली किंमत. आपण पत्करलेल्या कामाचं मोल त्यावरून कसं ठरणार?

मग पाळूच नये, सोडून द्यावेत, असं काही जण म्हणतात, आणि तळ्यात मासे सोडून पुण्यही पदरात घेतात. सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या नद्यांतून पकडून विकला जाणारा मिस केरळसारखा मासा घ्यायलाच नको, तो धोक्यात आलेल्या जातींत मोडतो. पण आपल्या बाजारातले बहुतेक गोल्डफिश, मॉली, फायटर चेन्नईतल्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी टाक्यांत पैदा झालेले. त्यांना परत जायला नदीच नाही. सोडण्याचं फळ पाहायचं तर सकर माशाकडे पाहावं. दक्षिण अमेरिकेतला हा मासा ‘काच साफ करतो’ म्हणून बोटाएवढा असताना विकला जातो, दीड फुटापर्यंत वाढतो, टँकमध्ये मावेनासा झाला की कुणीतरी दयाळूपणे नदीत सोडतो. आज तो देशातल्या अनेक नद्या-तलावांत आहे आणि त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात. पुन्हा तेच: दया खरी, माहिती शून्य.

ज्याला मासे पाळायचेच आहेत त्याला पहिला महिना काढावा लागतो तो माशांशिवाय. टँकमध्ये पाणी, खडी, चालू फिल्टर, जीवाणूंसाठी रोज चिमूटभर खाद्य, आणि आठवड्यातून दोनदा टेस्ट किटच्या नळीत अमोनियाचा रंग पिवळा आहे की हिरव्याकडे झुकतोय ते पाहणं. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारणार, ‘अहो, मासे कुठे आहेत?’ आणि घरातली मुलं रोज संध्याकाळी तोच प्रश्न जास्त मोठ्या आवाजात विचारणार.