दुसऱ्याच्या हातात द्यायचं पुस्तक

स्वतःसाठी पुस्तक निवडणं ही आवडीनिवडीची बाब आहे. चौदा वर्षांच्या मुलासाठी निवडलं, की तीच बाब नैतिक होते. आपण दिलेलं पुस्तक त्याला आवडलं नाही तर तो तसं सांगू तरी शकतो. आपण गाळलेलं पुस्तक गाळलं गेलंय, हे मात्र त्याला कधी कळतच नाही. ज्या निर्णयाविरुद्ध समोरचा तक्रारही करू शकत नाही, तो घेताना जास्त विचार करायला हवा, एवढं तरी मान्य व्हायला हरकत नसावी.

हा प्रश्न माझ्यापुढे अगदी व्यवहारी रूपात आला. आमच्या दहावीच्या बॅचने वर्गणी काढून शाळेच्या वाचनालयाला नववी-दहावीसाठी पुस्तकं द्यायचं ठरवलं. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून यादी माझ्याकडे आली. मी एक्सेल उघडलं आणि रकाने केले: नाव, लेखक, किंमत, वयोगट, आणि शेवटी 'आक्षेपार्ह: हो / नाही'. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'पाशी हा शेवटचा रकाना अडला. २००४ साली आलेली ही कादंबरी आणीबाणीच्या काळातल्या नववीतल्या मुलांची आहे. त्यात मुकुंदाचं शिरोडकरवरचं प्रेम आहे, मास्तरांची टिंगल आहे, आणि त्या वयाची मुलं आपापसात बोलतात ती भाषा आहे. ग्रुपवर एकाने लिहिलं, "पुस्तक भारी आहे, पण शाळेत नको. पालक येतील." बहुतेकांनी त्यावर अंगठा उमटवला. या सगळ्यांनी 'शाळा' वाचलेली होती, आणि काहींनी तर नववीतच.

'पालक येतील' हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात मूल कुठेच नाही. मुलाला इजा होईल का, हा एक प्रश्न. मोठ्या माणसांना अवघडल्यासारखं होईल का, हा दुसरा. बहुतेक वेळा आपण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधतो आणि त्याला पहिल्याचं नाव देतो.

जानेवारी २०२२मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात मॅकमिन काउंटीच्या शाळा मंडळाने आर्ट स्पीगलमन यांचं 'माउस' आठवीच्या अभ्यासक्रमातून एकमताने काढलं. ऑशविट्झमधून वाचलेल्या आपल्या वडिलांची कहाणी सांगणारं, १९९२मध्ये पुलित्झर मिळालेलं हे चित्रपुस्तक. कारणं दिली गेली ती शिव्या, नग्नता, हिंसा आणि आत्महत्येचं चित्रण अशी. इंजिनिअर म्हणून माझं लक्ष या यादीच्या जातीकडे गेलं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मोजता येतात. शिवी पान अमुकवर आहे, चित्र पान तमुकवर आहे. फिल्टर लिहायला बसलो तर मीही आधी हेच पकडेन, कारण हेच पकडणं सोपं. पण एखादं पुस्तक माणसाच्या क्रौर्याबद्दल खरं बोलतं की खोटं, मुलाला ते एकटं सोडतं की सोबत घेऊन जातं, हे कुठल्याही शब्दशोधात सापडत नाही. त्यासाठी पुस्तक अखेरपर्यंत वाचावं लागतं.

शिवाय आपला फिल्टर आपण सारखा लावतही नाही. मराठी घरात सर्वांत निर्धोक मानलं जाणारं पुस्तक म्हणजे 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात सावकाराचं कर्ज आहे, घरावर येणारी जप्ती आहे, बेअब्रू आहे, आणि शेवटी आईचा मृत्यू आहे. एखाद्या नव्या लेखकाने आज एवढं दुःख एका किशोर कादंबरीत घातलं तर 'मुलांसाठी फार जड आहे' असं कुणीतरी म्हणेलच. म्हणजे आपला आक्षेप दुःखाला नसतो. ज्या दुःखातून संस्कार निघतो ते चालतं. ज्यातून नुसतं 'हे असं असतं' एवढंच निघतं, ते चालत नाही.

दुसऱ्या बाजूचा एक युक्तिवाद मात्र मला पटत नाही: 'मुलं मोबाइलवर सगळं बघतातच, मग पुस्तकानेच काय बिघडतं?' मोबाइलवर आहे म्हणून शाळेत हवं, हे काही कारण झालं नाही. खरं कारण वेगळं आहे. मोबाइलवर एखादी गोष्ट येते ती मागचं-पुढचं काही नसताना येते आणि बोट सरकलं की जाते. कादंबरीत तीच गोष्ट एका माणसाला घडते. त्या माणसाबरोबर आपण दोन-तीनशे पानं राहिलेलो असतो, आणि ती घडून गेल्यावरही त्याच्याबरोबर राहावं लागतं. शिरोडकर गाव सोडून जाते, आणि तरी मुकुंदाला पुढच्या वर्गात जाऊन बसावं लागतं. हे रिकामपण पेलायचा सराव वेळेवर झालेला बरा.

आमच्या मराठीच्या बाईंना मी यादी दाखवली तेव्हा त्यांनी वेगळीच अडचण सांगितली. "ज्याच्या घरी बाप पिऊन मारतो, त्या मुलाला तसं पुस्तक वाचनालयात सापडलं तर तो कोपऱ्यात बसून वाचेल. तेच मी वर्गात मोठ्याने वाचून घेतलं, तर सगळा वर्ग त्याच्याकडे बघेल."

मला वाटतं, या वादाचा खरा सांधा इथे आहे. वाचनालयातलं पुस्तक मिटता येतं. वर्गातलं मिटता येत नाही. त्यावर प्रश्न येतात, उत्तरं द्यावी लागतात, आजूबाजूला चाळीस जण असतात. म्हणून दोन्हीकडे एकच कसोटी लावणं चुकीचं आहे. वाचनालयाचं दार शक्य तितकं मोठं असावं. तिथे 'अशा विषयाची पुस्तकं नकोत' असा नियम केला, की ज्याचं आयुष्यच त्या विषयासारखं आहे त्या मुलाला आपण सांगतो, की तुझं जगणं शाळेत आणण्यासारखं नाही. वर्गात मात्र थोडी पुस्तकं असावीत, आणि शिकवणाऱ्याला त्या वर्गातली मुलं माहीत असावीत. काय नको हे सांगणारी व्यक्ती मुलांना ओळखणारी असेल, तर तिच्या नकाराला वजन आहे. पालकालाही स्वतःच्या मुलाबद्दल तो अधिकार आहे. इतर एकोणचाळीस मुलांबद्दल नाही.

यावर रास्त शंका अशी, की मग निवडीची जबाबदारी शेवटी एका शिक्षिकेच्या गळ्यात पडते. पालक आले की समोर तीच असते, बेंगळुरूत बसून यादी करणारा मी नसतो. हे खरं आहे, आणि माझ्या भूमिकेची ही कच्ची बाजू आहे. धाडस माझं आणि किंमत बाईंची, हा सौदा न्याय्य नाही. म्हणून निदान तीन गोष्टी मला बंधनकारक वाटतात. न वाचलेलं पुस्तक यादीत घालू नये आणि न वाचलेलं पुस्तक यादीतून काढूही नये. प्रत्येक नावापुढे ते का निवडलं, हे दोन ओळीत लिहावं आणि खाली आपली सही करावी. आणि आक्षेप आला तर सही करणाऱ्याने सुट्टी टाकून शाळेच्या ऑफिसात जाऊन बसावं.

'आक्षेपार्ह' हा रकाना मी काढून टाकला. त्या जागी 'कुणी वाचलं, काय वाटलं' असा रकाना केला. त्यात हो किंवा नाही भरता येत नाही, त्यामुळे यादी फार हळू पुढे सरकते आहे. 'शाळा' वाचनालयाच्या यादीत आहे, माझ्या सहीसकट. वर्गात घ्यायची की नाही, ते बाई ठरवतील.