सातबारा मालक ठरवतो का?

तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खरेदीखत होते, अंगठे-सह्या होतात, सूची दोनमध्ये व्यवहार चढतो, पुढे तलाठी फेरफार धरतो आणि मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित केला की सातबारावर नवे नाव लागते. घेणाऱ्याची खात्री असते की आता जमीन आपली झाली. कायदा मात्र इतके ठाम बोलत नाही. 1908 च्या नोंदणी अधिनियमाखाली दस्त नोंदवून घेणाऱ्या दुय्यम निबंधकाला, विकणारा खरोखर मालक होता की नाही याचा निवाडा करण्याचा अधिकार नाही. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 157 सांगते की अधिकार अभिलेखातली नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानावी. म्हणजे ते एक गृहीतक आहे. नाव कमी झाले म्हणून हक्क जात नाही आणि नाव लागले म्हणून येत नाही, असे न्यायालये वारंवार सांगत आली आहेत. मग मालकी नेमकी असते कुठे? कागदात, जमिनीत, की माणसांच्या मान्यतेत? हा प्रश्न कचेरीचा वाटतो, पण मुळात तो तत्त्वज्ञानाचा आहे आणि आपल्याकडे त्यावर फार गंभीरपणे विचार झालेला आहे.

चालुक्यांच्या कल्याणीत बसून विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. तिच्या दायविभागात तो आधी एक शंका उभी करतो: स्वामित्व शास्त्रामुळे कळते की लोकव्यवहारामुळे? शास्त्रात वारसा, खरेदी, वाटणी असे मालकीचे मार्ग सांगितले आहेत, तेव्हा मालकी शास्त्रानेच निर्माण होते, असा एक पक्ष होता. विज्ञानेश्वर तो नाकारतो. ज्यांना शास्त्राचा गंधही नाही अशा दूरच्या सीमेवरच्या लोकांतही खरेदी-विक्री चालते, ‘हे माझे, ते तुझे’ चालते. म्हणून स्वामित्व लौकिक आहे. शास्त्र ते घडवत नाही, असलेल्याला शिस्त लावते. मला हा निष्कर्ष आजही पूर्ण खरा वाटतो, आणि ‘शास्त्रा’च्या जागी ‘शासकीय अभिलेख’ ठेवला तरी तो ढळत नाही. मालकी माणसामाणसांत असते. नोंद तिची साक्षीदार आहे, जननी नव्हे. आणि नोंद जर साक्ष असेल, तर साक्षीला लागू पडणारा धर्मही तिला लागू पडतो: खरे सांगणे, सर्वांसमक्ष सांगणे, उलटतपासणीला उभे राहणे.

नोंद साक्षीदार असते, याचा पुरावा नाशिकच्या लेण्यांत दगडावरच आहे. सुमारे 1,900 वर्षांपूर्वी क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने एका ब्राह्मणाकडून 4,000 कार्षापणांना शेत विकत घेऊन भिक्षूंना दिले. तो सत्तेजवळचा माणूस होता, तरी त्याने शेत विकत घेतले, आणि कोणाकडून, किती किमतीला घेतले तेही कोरून ठेवले. त्याच्याच दुसऱ्या लेखात, विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या 3,000 कार्षापणांची हकीकत आहे. ती ठेव निगमसभेत ऐकवली गेली आणि मग रिवाजाप्रमाणे दप्तरात नोंदवली गेली. आधी लोकांच्या कानांवर, मग दप्तरात, हा क्रम महत्त्वाचा आहे. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने राज्याच्या अठराव्या वर्षी, पूर्वी उषवदाताकडे असलेले 200 निवर्तने शेत त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना दिले. सहा वर्षांनी त्याला दुसरी आज्ञा काढावी लागली, कारण ते शेत कसले जात नव्हते आणि ज्या गावात ते होते ते गाव ओस होते. म्हणून बदली 100 निवर्तने राजशेत दिले. राजाची आज्ञा होती, लेख होता, पण भोग, म्हणजे प्रत्यक्ष वहिवाट, नव्हता. अल्पही भोग नसेल तर आगमाला, म्हणजे हक्काच्या मूळ आधाराला, बळ नाही, असे याज्ञवल्क्य म्हणतो. सातवाहन दरबाराने ते अनुभवाने मान्य केले आणि चूक दुरुस्त केल्याचेही कोरून ठेवले. अभिलेखाचा याहून प्रामाणिक नमुना मला ठाऊक नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो लेखणीच्या सत्तेचा. नोंद साक्षीदार असेल, तर तो नेहमी बलवंताच्या बाजूनेच बोलला ना? आक्षेप खरा आहे. वाचता न येणाऱ्याच्या अंगठ्यावर काय लिहिले गेले याचा जाब 1875 मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळून विचारला, आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरले. पण त्यानंतर काय झाले तेही पाहावे. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयांना रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायला लावले, आणि शेतकऱ्याचे दस्त ग्रामनिबंधकासमोर व्हावेत अशी सोय केली. परकी सरकारलाही कबूल करावे लागले की कागद स्वतःच स्वतःला सिद्ध करू शकत नाही. लेखणीच्या जुलमावर उपाय म्हणून लेखणी मोडली गेली नाही. तिला चारचौघांत आणले गेले.

दुसरा आक्षेप आधुनिक आहे. इतकी अनिश्चितता कशाला, नोंद हीच मालकी असे एकदा ठरवून टाका. रॉबर्ट टॉरेन्सने 1858 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात तेच केले. सोय मोठी आहे, शोध-अहवालांचा आणि दाव्यांचा खर्च वाचेल. पण ज्या भूमीवर ती पद्धत उभी राहिली, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांचा एकही कागद नव्हता, म्हणून त्या नोंदवहीत ते नव्हतेच. नोंदीला अंतिम सत्य केले की नोंदीबाहेरचा माणूस असत्य ठरतो. आपल्या 2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियमांनी उलट वाट धरली: कागदाबरोबर वडीलधाऱ्यांचे जबाब, बांध, विहिरी, दफनभूमी हेही पुरावे मानले आणि दाव्यांची पहिली छाननी ग्रामसभेकडे दिली. गडचिरोलीतल्या आदिवासीला हे दार उघडे राहिले, ते मालकी लौकिक मानल्यामुळेच.

भूमी ईश्वराची आहे, तिच्या नोंदी कसल्या ठेवता, असे म्हणणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पागोट्याएवढ्या जमिनीसाठी भाऊबंदकी करणाऱ्यांपेक्षा त्यांची दृष्टी नक्कीच मोठी. गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी 1951 मध्ये पोचमपल्लीहून त्याच श्रद्धेने भूदान मागितले. परंतु दिलेल्या जमिनी भूमिहीनांपर्यंत पोचायला सर्व्हे नंबर, हद्दी आणि कब्जा लागलाच, आणि जिथे ते झाले नाही तिथे दान कागदावर राहिले. ज्याच्याजवळ देवाशिवाय कोणी नाही, त्यालाच नोंदीची गरज सर्वांत जास्त असते.

आज या साक्षीची खरी परीक्षा वारसनोंदीत होते. बाप जातो, अर्ज होतो, आणि वारसांच्या यादीतून मुली गळतात, किंवा ‘मला हिस्सा नको’ असा जबाब तलाठ्यापुढे लिहून घेतला जातो. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहदायाद झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ते पक्के केले; शिवाय नुसत्या जबाबाने स्थावरातला हक्क सुटत नाही, नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. म्हणजे सातबारावर नाव नसलेली बहीणही मालक आहेच. भाऊ म्हणतील, तिने राजीखुशीने सोडले, माहेर टिकवायचे तर हे असेच चालते. राजीखुशी असेल तर तिने ती दुय्यम निबंधकासमोर, दस्त वाचून, सांगावी; जी खुशी चावडीवर मोठ्याने वाचता येत नाही ती खुशी नव्हे. मनुस्मृतीशी माझे अनेक बाबतींत भांडण आहे, पण साक्षीच्या प्रकरणात ती गाईसाठी, घोड्यासाठी, माणसासाठी खोटे बोलण्याचे पाप चढत्या क्रमाने मोजते आणि भूमीसाठीच्या खोट्याला सर्वनाशी ठरवते, तिथे माझी तक्रार नाही. फेरफाराच्या नोटिशीनंतर हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. त्या पंधरा दिवसांत बहिणीचे नाव माहीत असूनही गप्प बसणारा गावकरी, यादी तपासून न पाहता सही करणारा अधिकारी आणि अर्ज लिहिणारा भाऊ, तिघेही त्या नोंदीचे साक्षीदार आहेत.